दहापैकी नऊ

३ फेब्रुवारी

कंपनीने निवृत्तीला दिलेल्या वस्तूंपैकी ही डायरी तेवढी कामाची निघाली. घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. शाल इतकी टोचते की हिने ती इस्त्रीच्या टेबलावर अंथरली आहे.

चौतीस वर्षं मी चहा चाखला. रोज दोनशे-अडीचशे कप. ओळीने मांडलेले पांढरे कप, हातात चमचा, शेजारी चाकांची पितळी पिकदाणी. घोट हवेसकट सुर्रकन ओढायचा, डोळे मिटून जिभेवर फिरवायचा, थुंकायचा आणि दहापैकी गुण सांगायचे. कारकून मागून लिहीत यायचा. मी 'चार' म्हणालो की कुठल्यातरी मळ्याच्या मालकाला घाम फुटायचा. आता सात महिने घरी आहे आणि दूध नासलं आहे का, हे सांगण्यापुरताच माझ्या जिभेचा उपयोग उरला आहे. तेही ही हल्ली वासावरून स्वतःच ठरवते.

आज चिरंजीव आणि सूनबाई माझ्या खोलीत येऊन बसले. दोघं एकदम आले म्हणजे काहीतरी मागायला आले, एवढं मला कळतं. पण चिरंजीव म्हणाला, "बाबा, तुमची जीभ फुकट चाललीय."

जगात लोक काय काय खातात, अळ्या, किडे, कुजवलेले मासे, ते सगळं आणून मला चाखायला द्यायचं आणि त्याचे व्हिडिओ करायचे, अशी त्याची कल्पना. नावही ठरवून आला होता, 'बाबांची जीभ'. त्याच्या आधीच्या दोन धंद्यांनी माना टाकल्या आहेत, तेव्हा सावध राहायला हवं. पण हा धंदा माझ्यावर उभा राहणार आहे. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि पाच मिनिटांनी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन हो सांगून आलो. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती हीच.

७ फेब्रुवारी

पहिलं काम झालं. काळं अंडं. चुन्याच्या आणि राखेच्या लगद्यात काही आठवडे पुरून ठेवतात म्हणे. पांढरं असायला हवं ते काळसर पारदर्शक होतं, पिवळं असायला हवं ते हिरवं.

मी काम रीतसर केलं. सकाळपासून कांदा-लसूण नाही, हात साबणाशिवाय धुतले, दोनदा साध्या पाण्याने चूळ भरली. स्वयंपाकघरातच टेबल मांडलं होतं. पिकदाणी हवी म्हटल्यावर सूनबाईंनी लगबगीने बादली आणली, तीही लालभडक. मी म्हटलं रंग जरा भडक आहे, तर म्हणाल्या, "उठून दिसते बाबा."

डोळे मिटले, हवा ओढली, फिरवलं, थुंकलो. मग सहा मिनिटं बोललो. आधी नवसागरासारखा उग्र वास येतो, पण तो नाकाचा प्रश्न आहे, जिभेचा नाही. जिभेला ते साईसारखं लागतं. गुण साडेसहा. चिरंजीव इतका हसत होता की कॅमेरा हलला आणि थुंकणं पुन्हा करावं लागलं. त्याला इतकं आनंदात मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

एक गोष्ट खटकली. कॅमेरा अंड्याकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त होता. विचारलं तर म्हणाला, "बाबा, चव चेहऱ्यावरच दिसते." मुद्दा बिनतोड आहे.

१२ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहिला. माझी सहा मिनिटं गायब. फक्त डोळे मिटणं, तोंड आक्रसणं आणि थुंकणं, तेही तीन-तीनदा आणि सावकाश. मागे मोरी तुंबल्यासारखा आवाज येतो, तो तांत्रिक बिघाड असावा. चिरंजीवाला म्हटलं, साईचा मुद्दा गेला. तो म्हणाला लोकांना वेळ नसतो, पुढच्या वेळी घेऊ.

गाढवाला गुळाची चव काय! असो. सात हजार लोकांनी पाहिला. कंपनीत माझं मत ऐकायला एक कारकून होता.

२१ फेब्रुवारी

डबाबंद आंबवलेला मासा. डबा आधीच फुगलेला होता. उघडल्याबरोबर सूनबाई गच्चीवर पळाल्या आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्याचे आवाज आले. मी मात्र जागचा हललो नाही. चौतीस वर्षांची शिस्त आहे. खारट, मग आंबट, मग पुन्हा खारट. गुण चार, आणि तेही माशाला नव्हे, ज्याने पहिल्यांदा तो खायचं धाडस केलं त्याला.

ही दारात उभी राहून बघत होती. सगळं आवरल्यावर म्हणाली, "तुम्ही तोंड असं वेडंवाकडं का करता हो?"

"वेडंवाकडं नाही, हवा ओढावी लागते. त्याशिवाय चव उलगडत नाही."

"लग्नानंतर पहिली भाजी केली तेव्हाही असंच केलं होतंत. आणि म्हणालात, सहा."

"साडेसहा," मी म्हणालो. हिच्या मनात एवढ्या जुन्या गोष्टी कशा राहतात देव जाणे.

२ मार्च

भाजलेले टोळ. काही विशेष नाही. पाय टाळूला टोचतात.

१५ मार्च

आज खऱ्या अर्थाने कामाचा दिवस.

बसथांब्यासमोर हातगाडीवर एक बाई रेशमाच्या कोशांतले किडे तळून विकतात, त्यांनाही कोशच म्हणतात. डोंगरापलीकडून इकडे कामासाठी माणसं आली आहेत त्यांच्यातल्या. चिरंजीव त्यांना म्हणाला की व्हिडिओत आलात तर गिऱ्हाईक वाढेल, म्हणून त्या आल्या. सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. डबा टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता, गरम राहावा म्हणून. मुलगी येता येताच डब्यात हात घालून खात होती, आपण दाणे खातो तसे. तिची आई तिच्या हातावर चापटी मारत म्हणाली, "काकांना ठेव गं, सगळे तूच संपवशील."

मी विचारलं, हे किडे मुद्दाम पाळता का? बाई म्हणाल्या, "पाळतो ते रेशमासाठी. कोश गरम पाण्यात सोडायचे आणि सूत ओढून घ्यायचं. सूत संपलं की आत हा किडा उरतो. मग टाकायचा कशाला? माझी आजी सूत ओढता ओढता एकेक आम्हाला द्यायची. रडलो की एक, पडलो की एक."

"मीठ आधी की नंतर?"

"नंतर. आधी घातलं तर कातडं वातड होतं."

किती दिवसांनी कुणाशी तरी कामाचं बोललो! तेल कुठलं, किती वेळ, शिळा कोश कसा ओळखायचा, सगळं विचारलं. बाईंना प्रत्येक गोष्टीचं उत्तर ठाऊक होतं आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलत होता. चिरंजीव मागून खुणावत होता, आवरा म्हणून.

मग चाखलं. वरून खरपूस, दाताखाली फुटतो, आत मऊ. आधी भाजलेल्या शेंगदाण्याची चव येते, मग कोवळ्या मक्याचा गोडवा, आणि शेवटी अगदी पुसट असा मातीचा वास, चांगल्या चहात येतो तसा. मी डोळे मिटून बराच वेळ जिभेवर घोळवला. मग बादलीत थुंकलो आणि चूळ भरली. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसराही. तीनदा पडताळल्याशिवाय मी आठच्या वर कधीच जात नाही.

नऊ दिले. दहापैकी नऊ! चौतीस वर्षांत मी फक्त दोनदा नऊ दिले होते. सविस्तर बोललो, हात जोडून बोललो. बाई तोवर एकदम गप्प झाल्या होत्या. कौतुकाची सवय नसते माणसांना, भारावून जातात. मुलगी बादलीत वाकून बघत होती. दोघी घाईने निघाल्या, इतक्या घाईने की डबा इथेच राहिला.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासमोर थुंकलात."

"नियम आहे तो. गिळलं तर पुढची चव बिघडते."

"त्यांना ठाऊक होता का तुमचा नियम?"

आमच्या कामातलं हिला काही कळत नाही. उगाच नाकाने कांदे सोलते. मात्र डब्यातले उरलेले कोश हिने संध्याकाळपर्यंत संपवले, मला न विचारता.

२० मार्च

चार लाख लोक.

व्हिडिओत नऊ गुण नाहीत. शेंगदाणा नाही, मका नाही, हात जोडणं नाही. बाई आजीबद्दल सांगताहेत आणि मध्येच मी थुंकतो. पुन्हा बाई, पुन्हा थुंकतो. शेवटी बाईंचा चेहरा जवळून दाखवला आहे. त्या दिवशी मी तो नीट पाहिलाच नव्हता. वर नाव दिलं आहे, 'बाबांनी किडेवालीला दाखवली जागा'.

मी म्हटलं, हे खोटं आहे.

"खोटं कुठलं? थुंकलात ना तुम्ही?"

"नऊ दिले मी!"

"बाबा, नऊ कोण बघतं? थुंकणं बघतात."

त्याला बजावणार होतो, हे आजच्या आज बदल म्हणून. तेवढ्यात त्याचे चार मित्र आले. चिरंजीवाने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "हे आमचे बाबा. खरे हिरो हेच." सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. कॉलेजात दोनदा नापास झाला तेव्हा मी त्याला बोललो होतो, त्यानंतर या मुलाने मला हात लावल्याचं आठवत नाही. हात बराच वेळ खांद्यावर होता.

म्हटलं, उद्या बोलू.

२२ मार्च

बोललो नाही.

२४ मार्च

आजही नाही. तो कामात होता. म्हणजे तसा फार कामात नव्हता.

२८ मार्च

ही सकाळी बाईंचा डबा परत करायला गेली आणि तासाभराने डबा घेऊनच परत आली. बाईंनी घेतला नाही. डबा कट्ट्यावर ठेवून ही भांडी घासायला लागली. आधीच घासलेली भांडी.

घासता घासता सांगितलं. बाईंच्या गाडीपाशी पोरं मोटारसायकली लावून उभी असतात म्हणे. एक पुडी घ्यायची, एक कोश तोंडात टाकायचा, डोळे मिटून तोंड वेंगाडायचं, थुंकायचं आणि मोबाइलवर टिपायचं. गाडीच्या चारही बाजूंना थुंकी. बाई मधूनमधून राख टाकतात आणि झाडून काढतात.

"मुलगी कुठे होती?" मी विचारलं.

"गाडीखाली बसली होती. बाहेर ये म्हटलं तर येईना."

मी तडक चिरंजीवाच्या खोलीत गेलो. म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक. आणि नऊ गुणांचा जसाच्या तसा टाक. माझ्या जिभेवर चाललाय ना तुझा धंदा, मग माझ्या जिभेचं ऐक.

त्याने मोबाइल खाली ठेवला. चिडला नाही, उलट मऊ आवाजात बोलला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "बाबा, तुम्हाला खरंच असं वाटतं? तुमच्या जिभेचं काय पडलंय कुणाला? एक म्हातारा ओकतो ते बघायला येतात लोक."

सूनबाई म्हणाल्या, "अहो, असं काय बोलता त्यांना?" पण खोटं आहे असं त्याही म्हणाल्या नाहीत.

मागचा तो मोरी तुंबल्याचा आवाज बिघाड नव्हता, ओकण्याचा म्हणून मुद्दाम घातलेला होता, हे मला आज कळलं. लिहायची लाज वाटते, पण डायरीत तरी कुणापासून लपवायचं?

६ एप्रिल

आठ दिवस काही लिहिलं नाही. चाखायलाही बसलो नाही. घसा बसला आहे असं सांगितलं. चिरंजीव आणि सूनबाई आता उंदराच्या पिल्लांबद्दल बोलताहेत. माझ्याजागी सूनबाईंच्या वडिलांना आणायचं चाललं आहे. ते म्हणे सहज ओकतात.

मी ठरवलं आहे. बाईंच्या गाडीवर जायचं, सगळ्यांसमोर पुडी घ्यायची आणि शेवटच्या कोशापर्यंत खायची. गिळायची. तिथे जी पोरं असतील त्यांनी खुशाल टिपावं.

७ एप्रिल

ऊन फार होतं.

८ एप्रिल

निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो. पानवाला ओळखून हसला आणि मी परत आलो. हिने दार उघडलं आणि पाणी आणून दिलं. तिने विचारलं असतं तर मी चिडलो असतो, हे तिला ठाऊक असावं. खरं कारण लिहून टाकतो. मला त्या बाईंची भीती वाटते. कंपनीत मळ्यांचे मालक माझ्यासमोर उभे राहायचे तेव्हा मी कधी मान वर करून त्यांच्याकडे बघितलंही नाही. गुण सांगायचे की पुढचा कप. ज्याचा चहा थुंकला त्याला तोंड द्यायची वेळ चौतीस वर्षांत माझ्यावर आली नाही.

९ एप्रिल

गेलो.

दुपारची वेळ होती. गाडीपाशी गर्दी नव्हती, पोरं नव्हती, थुंकीही नव्हती. गाडीवर उकडलेल्या अंड्यांचं पातेलं. बाईंनी मला ओळखलं. हातातलं अंडं सोलायचं थांबवलं नाही.

मी म्हटलं, "बाई, एक पुडी द्या."

"ते बंद केलं. अंडी आहेत."

जे बोलायचं म्हणून घोकून गेलो होतो ते सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, "मी तुम्हाला नऊ दिले होते."

"ऐकलं होतं मी. समोरच तर बसले होते," त्या म्हणाल्या. "मग थुंकलात का?"

मी सगळं सांगितलं. कंपनी, कप, पिकदाणी, नियम. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एका गिऱ्हाइकाला दोन अंडी दिली आणि मग विचारलं, "म्हणजे चांगलं असलं तरी थुंकायचं?"

"हो."

"आणि वाईट असलं तर?"

"तरीही थुंकायचं."

"मग ज्याने केलंय त्याला कळायचं कसं?"

आमच्याकडे कारकून असायचा, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही तेच बरं.

मी हात जोडले. चुकलं म्हणालो. बाई म्हणाल्या, "काका, माझं काही नाही. अंडीही खपतात. पण माझ्या पोरीने घरात हे खाणं सोडलंय. तळायला घेतलं की नाक धरून बाहेर जाते. शाळेत सांगते, आई अंडीच विकते. माझ्या आजीपासून चालत आलेलं आहे ते. तिला सांगा तुमचं नऊबिऊ काय ते. माझं ऐकत नाही ती."

मुलगी गाडीमागे उपड्या खोक्यावर बसून अभ्यास करत होती. बाईंनी स्वतःच्या जेवणाचा छोटा डबा काढला. त्यात आठ-दहा कोश होते. "माझ्यापुरतेच करते," त्या म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे धरला.

मी एक घेतला, चावला आणि गिळला. डोळे उघडे ठेवून. काही टिपलं जात नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. गिळताना घशाशी एक तुपासारखी चव येते. ती मला त्या दिवशी कळलीच नव्हती, आणि ती कळली असती तर दहा दिले असते. माझे डोळे भरून आले. चौतीस वर्षांत अशा किती चवी मी पिकदाणीत टाकल्या असतील कोण जाणे.

मग मुलीसमोर उकिडवा बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. म्हटलं, "बाळ, तुझ्या आईच्या हाताला फार चांगली चव आहे. मी मोठमोठ्या लोकांचे चहा नापास केलेत. तुझ्या आईला मी दहापैकी नऊ दिले. आज दहा देतो. त्या दिवशी मी थुंकलो, ती माझी वाईट खोड. आवडलं नाही म्हणून नाही थुंकलो."

ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"तुम्ही ते मोबाइलमधले आजोबा ना? आम्ही शाळेत खेळतो तुमचं. मला सगळ्यात भारी येतं."

आणि मी काही म्हणायच्या आत तिने आईच्या डब्यातला एक कोश उचलला. बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा दिसली, ती मी पाहिली. मुलीने कोश तोंडात टाकला, डोळे मिटले, सुर्रकन हवा ओढली. अगदी बरोबर ओढली, आमच्या कंपनीत नव्या पोरांना असं ओढायला सहा महिने लागायचे. जिभेवर डावीकडून उजवीकडे फिरवला. तोंड आक्रसलं. आणि आईच्या पायांपाशी थुंकली.

मग डोळे उघडून हसत मला विचारलं, "आजोबा, मला किती?"

बाईंनी फडकं घेतलं आणि खाली बसून जमीन पुसायला लागल्या.